ऑर्विलच्या कपाळावरचं अस्वल

हॅगर्टी खाडीत ऑर्विल स्टेनरूडला दोन गोष्टींसाठी मान होता. बोटीचं बंद पडलेलं कुठलंही इंजिन तो नुसत्या शिव्यांनी चालू करायचा, आणि त्याच्या कपाळावर, दोन भुवयांच्या बरोबर मध्ये, अस्वलाच्या नखाची खूण होती. यातली पहिली गोष्ट खरी होती.

दुसरीची हकिगत अकरा वर्षांपूर्वीची. तेव्हा ऑर्विलने नवं रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. अलास्कात बाहेर पडणाऱ्या माणसाच्या छातीवर पट्टा आणि पट्ट्यात रिव्हॉल्व्हर असतंच, आणि ते आखूड असतं. लांब नळी मासेमारीच्या रबरी विजारीत अडकते, झुडपात अडकते, आणि तुमचं निघेपर्यंत अस्वल काही थांबत नाही. ऑर्विलने सगळ्यात आखूड घेतलं. अडीच इंचांची नळी आणि त्यात अंगठ्याएवढी जाड काडतुसं. दुकानदार म्हणाला, झटका जरा जास्त आहे. ऑर्विल म्हणाला, चाळीस अश्वशक्तीची इंजिनं मी खांद्यावर वाहतो.

मग घरामागे डिझेलचं रिकामं पिंप ठेवून त्याने एक गोळी झाडली. रिव्हॉल्व्हर त्याने कॉफीचा मग धरावा तसं धरलं होतं. पिंपाला काही झालं नाही. रिव्हॉल्व्हर मात्र उलटं उसळलं आणि नळीच्या टोकावरची नेम धरायची खुंटी थेट त्याच्या कपाळात घुसली.

गावात डॉक्टर नाही. दवाखान्यात आगाफ्या टोकारोफ नावाची नर्स, आणि तीच सगळं. कपाळावर रुमाल दाबून ऑर्विल तिथे पोचला. वाटेत त्याने ठरवलं होतं की फ्रिजचं दार लागलं म्हणून सांगायचं. पण आगाफ्याने जखम पाहिली, हात धुतले आणि अगदी शांतपणे विचारलं, "अस्वल का?"

ऑर्विलने फ्रिजचं दार मनातच ठेवलं. मग म्हणाला, "हो."

"मोठं होतं?"

"बऱ्यापैकी."

तिने पाच टाके घातले. विषय संपला, असं त्याला वाटलं. पण संध्याकाळपर्यंत ते अस्वल गावात सात फुटांचं झालं होतं आणि नाताळापर्यंत नऊ फुटांचं. ऑर्विलने ते वाढवलं नाही. लोकांनी वाढवलं, त्याने फक्त अडवलं नाही. माणूस इतपत मोह तरी करणारच.

त्या अस्वलाच्या जोरावर दर ऑगस्टात बेरी वेचायला जाणाऱ्या बायकांचा राखणदार म्हणून त्याची नेमणूक झाली. बायका "ए अस्वला! ए अस्वला!" ओरडत उतारावर चढायच्या, म्हणजे असेल ते आधीच निघून जावं. मागे ऑर्विल, छातीवर रिव्हॉल्व्हर. वर पोचल्यावर तो खडकावर बसून लांब कुठेतरी बघायचा. अकरा वर्षांत एकही अस्वल फिरकलं नाही, आणि तेही श्रेय त्यालाच मिळालं. घरी काडतुसांच्या वीसच्या खोक्यात अजून एकोणीस शिल्लक होती.

खरी गोष्ट अशी की तो जायचा आगाफ्यासाठी. ती विधवा, हा कधी लग्नच न केलेला. ती खडकावर त्याच्या शेजारी येऊन बसायची आणि डबा उघडायची. डब्यात पेरोक असायचा, भात आणि सामन मासा भरून भाजलेला, अजून कोमट. ती कपाळावर दाट झुलपं सोडायची, उन्हाळ्यात डासांनी जीव नकोसा झाला तरी मागे सारायची नाही, आणि त्या झुलपांखालून बघून विचारायची, "अजून एक तुकडा?" या वर्षी तिला लग्नाचं विचारायचंच, असं ऑर्विलने ठरवलं होतं. फक्त एक भीती त्याला खात होती. ती पेरोक देते तो अस्वलाला तोंड दिलेल्या माणसाला. तेलकट हातांच्या इंजिनवाल्याला कोण खाऊ घालतं?

आणि नेमकं त्याच वर्षी हॅरिएट बाईंना शिस्त सुचली.

हॅरिएट बाई शहात्तर वर्षांच्या. उभ्या गावाला त्यांनी तिसरीत शिकवलेलं, आणि आता नेमबाजी क्लबच्या सेक्रेटरी. त्या थेट गोदीवर आल्या.

"ऑर्विल, शनिवारी खडीच्या खाणीवर ये. पाच गोळ्या झाडायच्या. राखणदाराने नेम दाखवायचा, असं कमिटीत ठरलंय."

"कमिटीत कोण कोण आहे, बाई?"

"मी."

"अहो पण माझं कपाळ बघा की! याहून मोठं सर्टिफिकेट काय हवं?"

"तिसरीत तुझा गृहपाठ कुत्र्याने खाल्ला होता. तुमच्या घरी कुत्रा नव्हता, ऑर्विल. शनिवारी, दहा वाजता."

ऑर्विलच्या तोंडचं पाणी पळालं. रिव्हॉल्व्हर पुन्हा त्याच जागी बसलं तर सगळ्या गावाला, मुख्य म्हणजे आगाफ्याला, अस्वल कोण ते कळणार. चार दिवस त्याला जेवण गेलं नाही. त्याने आजारी पडून पाहिलं, पण आजारी पडलं की दवाखान्यात जावं लागतं. टोपीखाली तवा घालून पाहिला, तर डोकंच वर उचलेना. शेवटी तो मेकॅनिक होता म्हणून सुचलं. इंजिनात घालतात ते जाड रबर त्याने कपाळाच्या मापाने कापलं आणि टोपीच्या आत पुढच्या बाजूला खोचून ठेवलं. चिकटवायला गोंद नव्हता. तिथेच चुकलं.

शनिवारी खाणीवर सगळं गाव तपकिरी गमबूट घालून हजर. समोर प्लायवूडचं अस्वल उभं होतं, मिल्ड्रेड नावाचं. ते बाईंनी स्वतः रंगवलं होतं आणि का कोण जाणे, त्याला लांब पापण्या काढल्या होत्या. चाप ओढायची वेळ आली की गाडीला दोरी बांधून मिल्ड्रेडला नेमबाजाच्या अंगावर ओढत आणायची पद्धत. ऑर्विल पुढे झाला. टोपी घट्ट होती, रबर जागेवर होतं, सगळं ठीक होतं. आणि लाउडस्पीकरवर राष्ट्रगीत लागलं.

आता राष्ट्रगीताला टोपी काढावीच लागते. ऑर्विल सोडून सगळ्यांच्या टोप्या छातीवर गेल्या.

"ऑर्विल!" बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

त्याने टोपी काढली. रबर टपकन खडीवर पडलं. बाईंचा बिस्किट नावाचा कुत्रा तिथेच बसला होता. त्याने ते हुंगलं, तोंडात धरलं आणि राष्ट्रगीताची पर्वा न करता समुद्राच्या दिशेने धूम ठोकली.

"बाई," गीत संपताच ऑर्विल रडवेला होऊन म्हणाला, "तुमच्या कुत्र्याने माझं..."

"काय खाल्लं? गृहपाठ?"

ऑर्विलने नुसतीच टोपी डोक्यावर चढवली.

"दोन्ही हातांनी आवळून धर, कोपरं ढिली सोडू नकोस," बाई म्हणाल्या. "तो कॉफीचा मग नाही."

गाडी निघाली. मिल्ड्रेड पापण्यांसकट डुलत डुलत अंगावर येऊ लागली. ऑर्विलने डोळे मिटले आणि चाप ओढला. खाण दणाणली. डोळे उघडून पाहतो तर मिल्ड्रेडचा एक कान गायब! टाळ्या पडल्या. ऑर्विलचा ऊर भरून आला, आणि हे आगाफ्याने पाहिलं की नाही ते बघायला त्याने मान वळवली. कोपरं ढिली पडली. बोट मात्र चापावरच होतं.

दुसऱ्या गोळीनंतर तो खडीवर बसलेला होता. कपाळावरून काहीतरी गरम नाकावर येत होतं. बाईंनी रिव्हॉल्व्हर उचलून रिकामं केलं. सत्तर माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याला कोणीतरी काहीतरी विचारतंय असं वाटलं, आणि अकरा वर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "अस्वल होतं. बऱ्यापैकी मोठं."

पंधरा पावलांवर एका कानाची मिल्ड्रेड उभी होती.

कोणीही हसलं नाही. भोवळ आलेली असतानाही ऑर्विलला हे विचित्र वाटलं. मासे डबाबंद करायच्या कारखान्याच्या मुकादमाने टोपी भुवयांपर्यंत खाली ओढली. बंदर-अधिकाऱ्यानेही ओढली. पाद्रीबाबा एकाएकी आकाशाकडे बघू लागले.

आगाफ्याने त्याला हाताला धरून आपल्या गाडीच्या मागच्या फळीवर बसवलं आणि पेटी उघडली. आता सगळं संपलंच आहे, तर निदान सांगून तरी टाकावं, असं ऑर्विलला वाटलं.

"आगाफ्या, ते अस्वल नव्हतं."

"अच्छा."

"तेव्हाही नव्हतं."

"अगं बाई! खरंच की काय?" तिने सुईवरून नजरही हटवली नाही.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"अरे, एकोणतीस वर्षं नोकरी केली मी इथे. या गावात नऊ कपाळं शिवली. सगळ्यांना अस्वलाने एकाच जागी, एकाच नखाने, अर्धा इंच ओरबाडलं आणि आपलं निघून गेलं. इतकं सभ्य अस्वल जगात नाही."

"मग पेरोक कशाला देत होतीस?" ऑर्विलचा आवाज चिरकला. "मी म्हटलं, अस्वलवाला म्हणून देतेस."

"बाकीचे आठ जण दहा फुटी म्हणाले होते. तू 'बऱ्यापैकी' म्हणालास. इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता. मला फार आवडलं ते. हलू नकोस."

तो हलला नाही. एक टाका पडला. मग त्याला सुचलं.

"पण अस्वल का, असं तूच मला विचारलंस. मी तर दुसरंच सांगणार होतो."

"फ्रिजचं दार," आगाफ्या म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

तिने हातमोजा काढला आणि कपाळावरची झुलपं मागे सारली. दोन भुवयांच्या बरोबर मध्ये अर्ध्या इंचाची जुनी, पांढरी पडलेली खूण होती.

"मी फ्रिजचं दार म्हटलं होतं. दोन वर्षं हसत होतं माझं माहेरचं गाव."

ऑर्विलने विचारलं, "नळी किती इंची होती?"

"दोन."

"माझ्याहून आखूड!" तो म्हणाला, आणि इतक्या आदराने त्याने आयुष्यात कोणाकडे पाहिलं नव्हतं. मग टाके अर्धे असतानाच त्याने तिला ते लग्नाचं विचारून टाकलं.

पुढच्या ऑगस्टात बेरीवाल्या बायकांच्या मागे छातीवर पट्टा लावून हॅरिएट बाई चालत होत्या. ऑर्विल बादल्या वाहत होता, बिनटोपीचा. आगाफ्याने झुलपं मागे घेऊन पिना लावल्या होत्या. माशांच्या कारखान्यात नव्याने लागलेल्या एका बाईने दोघांची कपाळं पाहिली, पुन्हा पाहिली, आणि न राहवून विचारलं, "हे दोघांनाही झालं कशाने?"

"आमच्या फ्रिजचं दार," दोघं एकदमच म्हणाले.