कॉलेजचे दोन बहार

पंजाबरावांचा एक नेम होता. ज्या कामात पडायचं, त्यातले शब्द आधी शिकून घ्यायचे, मगच पाय ठेवायचा. शेतात ठिबक बसवायचं ठरलं तेव्हा त्यांनी दुकानदाराला प्रश्न विचारून इतकं पिडलं, की शेवटी तो म्हणाला, "काका, आता तुमीच बसा गल्ल्यावर." बायकोचं, शकुनबाईंचं, पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं, तेव्हा डॉक्टरांचा पेशंटपेक्षा नवऱ्यावरच जास्त वेळ गेला, असं गावात अजून सांगतात.

चांदूर बाजाराकडे त्यांची संत्र्याची बाग. घरात बायको आणि एकुलती एक लेक, पौर्णिमा. ती बारावी सायन्स झाली आणि अमरावतीला राहून बी. एस्सी. करायचं म्हणाली.

"जाय ना," पंजाबराव म्हणाले. "पन आंदी मले समजू दे."

"तुमाले काय समजाचं हाय त्यात?" शकुनबाईंनी विचारलं. "पोरगी जाईन, शिकन, पास होईन."

"असंच म्हनत म्हनत लोक फसते," असं म्हणून त्यांनी सकाळची एस.टी. धरली.

कॉलेजात प्रवेशाच्या चौकशीसाठी टेबल टाकलं होतं आणि तिथे वर्षाली मॅडम बसल्या होत्या. नव्यानेच नोकरीला लागलेल्या, त्यामुळे अजून कोणावर खेकसत नव्हत्या. पंजाबरावांनी खुर्ची ओढली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "मॅडम, सेमिस्टर म्हंजे काय?"

"वर्षाचे दोन भाग, काका. दोन्हीची परीक्षा वेगळी."

"म्हंजे आंबिया अन् मृग."

मॅडम शहरातल्या. संत्र्याला वर्षातून दोनदा फुलं येतात, उन्हाळ्याआधी आंबिया आणि पावसाळ्यात मृग, हे त्यांना तिथेच, टेबलाशी बसल्याबसल्या शिकावं लागलं.

"मंग दोनातला कोनता बहार घेता तुमी?" पंजाबरावांनी विचारलं.

"दोन्ही."

"एकाच झाडावर?"

मॅडमनी मान हलवली आणि पंजाबरावांचा चेहराच उतरला. जो हावरट बागवान एकाच झाडावर दोन्ही बहार घेतो, त्याची झाडं लवकरच वाळतात, हे त्यांच्याकडे शेंबडं पोरगंही सांगेल. एवढं मोठं कॉलेज चालवणाऱ्यांना इतकं साधं कळू नये, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"माह्या पोरीचा एकच बहार घ्या, मॅडम," ते काकुळतीने म्हणाले. "दुसऱ्यात तिले आराम द्या. झाड खराब करू नोका."

मागे रांग वाढत होती, पण मॅडमना आता गंमत वाटू लागली होती. त्यांनी सगळं नीट समजावलं आणि पंजाबरावांनी ते आपल्या बागेत आणून लावलं. प्रोव्हिजनल प्रवेश म्हणजे ईसार दिला, सौदा अजून पक्का नाही. मेजर विषय म्हणजे संत्रा, मायनर म्हणजे मधल्या जागेतलं सोयाबीन. ए.टी.के.टी. म्हणजे थोडी फळं गळाली तरी बाग मोडत नाहीत. क्रेडिट भरत भरत जायचं, जशी कॅरेटं भरली की ट्रक निघतो.

"आणि आता मध्येच बाहेरही पडता येतं," मॅडम म्हणाल्या. "एका वर्षानंतर सोडलं तरी सर्टिफिकेट मिळतं. त्याला एक्झिट म्हणतात."

मॅडम पुढच्या एकेका वर्षाचंही, पार चौथ्यापर्यंत, सांगत होत्या. पंजाबराव हो हो म्हणत राहिले, पण त्यांचं मन त्या एका शब्दावरच अडकलं.

त्याला कारण होतं. अकोल्याचं एक स्थळ पौर्णिमेसाठी सांगून आलं होतं. मुलाचं स्वतःचं कृषी केंद्र, घरदार चांगलं, हुंड्याचं नाव नाही. फक्त मुलाचे वडील गजेंद्रराव घाईवर आले होते. स्थळ सोडवत नव्हतं आणि लेकीला नाही म्हणवत नव्हतं, अशा कात्रीत पंजाबराव महिनाभर सापडले होते. आता ती कात्री आपोआप उघडली.

गावात उतरल्या उतरल्या बाग गाठून त्यांनी तिथूनच अकोल्याला फोन लावला. "एक वर्ष शिकन, सर्टिफिकेट घेईन, मंग उडवू बार!" पंजाबराव फोनवर असे बोलत, की अकोल्याला फोनशिवायही ऐकू जावं. पौर्णिमा तिथेच विहिरीवर मोटार चालू करायला आली होती. त्या दिवसापासून घरातली भांडी जरा जोरातच वाजायला लागली.

इकडे पंजाबरावांचं नाव गावात पसरलं. ज्याच्या घरी बारावीचं लेकरू, तो संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर. कॉलेजातल्यांनी सांगितलेलं ज्यांना कळलं नव्हतं, त्यांना आंबिया-मृग बरोबर कळायचं. पंजाबराव फुलून जायचे.

एक दिवस शेजारचे नत्थुजी आले. त्यांची नात प्रणालीही यंदा कॉलेजात जाणार होती.

"पंजाबराव, थे एक्झिट चांगलं हाय म्हनते," नत्थुजी म्हणाले. "एक वर्ष शिकवाव अन् काढून घ्याव. कसं?"

पंजाबराव हसलेच. "नत्थुजी, नर्सरीतून कलम आनलं. खड्डा केला, शेनखत टाकलं, वर्षभर पानी देल्लं. चांगला फुटवा आला. अन् मंग उपटून चुलीत घातलं. असा शेतकरी पाह्यला का तुमी कुठी?"

ओसरीवरचे सगळे हसले. नत्थुजीही ओशाळून हसले.

"बाबा," आतल्या दारातून पौर्णिमेचा आवाज आला, "मंग मले कोन्त्या महिन्यात उपटाचं ठरलं?"

हसणं जागच्या जागी थांबलं. प्रश्नातला एकेक शब्द पंजाबरावांच्याच बागेतला होता, अर्थ विचारायला कुठे जायची सोय नव्हती. त्यांना फार लाज वाटली, लोकांपुढे नव्हे, लेकीपुढे.

शकुनबाईंनी आतून फोन आणला आणि नवऱ्याच्या हातात ठेवला. "लावा अकोल्याले."

त्यांनी लावला. आवाज मात्र आज कधी नव्हे तो हळू निघाला. "गजेंद्रराव, माही चूक झाली. पोरगी एका वर्षात कॉलेजातून निघनार नाई. डिग्री पुरी करन. तीन वर्षं लागतीन."

पलीकडून गजेंद्रराव म्हणाले, "पोराले पोरगी पसंत हाय, त आमी थांबतो. पन तीन म्हंजे तीनच. बोला, पक्कं?"

असं स्थळ पुन्हा दारात येणार नव्हतं. 'पक्कं' हा शब्द पंजाबरावांच्या ओठांवर आला होता. त्यांनी दाराकडे पाहिलं. पौर्णिमा चौकट धरून उभी होती, आणि तिचं सगळं लक्ष बापाच्या तोंडाकडे होतं.

"गजेंद्रराव, आंदी एक समजून घ्या," पंजाबराव म्हणाले. "चौथं वर्ष केलं त त्याले ऑनर्स म्हनते."