दोन जाम, एक दोरा
प्रा. हरिराम बांते सरांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी लिहायला बसले आणि कानात पहिला आवाज त्यांचाच आला: "काहून?" तुमसरच्या कॉलेजात पहिल्याच तासाला त्यांनी मला हेच, म्हणजे 'का?', विचारलं होतं. मी सिहोऱ्याकडची, धानवाल्या घरातली. "अणू एकटा असो की शेजाऱ्यांत, सारखाच वागतो," असं घोकलेलं वाक्य मी ठोकून दिलं. "काहून? घरी पाहुणे असले की तुही माय तुले तशीच रागावते का वं?" वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून मी सरांच्या ओसरीवर जी पडीक झाले, ती आजतागायत.

सरांचा ध्यास एकच: ऊर्जा मिळालेला अणू शेजाऱ्यांशी कसा वागतो. निऑनसारख्या अणूचा एक आतला इलेक्ट्रॉन उडाला की तो आयन होतो आणि जादा ऊर्जा घेऊन अस्वस्थ बसतो. एकटा असला, तर आपलाच आणखी एक इलेक्ट्रॉन फेकायला ती ऊर्जा पुरत नाही. सावकाश प्रकाश सोडून तो शांत होतो. पण चार-दहा अणूंच्या गुच्छात असला, तर तीच ऊर्जा तो क्षणात शेजाऱ्याला देतो, आणि इलेक्ट्रॉन उडतो शेजाऱ्याचा!

"हात न लावता देतो कसा, सर?" मी विचारलं. सरांनी अंगणातले दोन जाम तोडले (पेरूला आम्ही जामच म्हणतो) आणि ओसरीत आडव्या सैल दोऱ्याला सारख्या उंचीवर टांगले. एकाला झोका दिला. बघता बघता तो मंदावला आणि दुसरा आपसूक झुलू लागला. थोड्या वेळानं झोका परत पहिल्याकडे आला. "जामाचा झोका परत येते. अणूत इलेक्ट्रॉन निसटला, का परतीचा रस्ता बंद," सर म्हणाले. आतून काकूंचा आवाज आला, "खाऊ द्या न ते पोरीले आता!"

पुढे मी याच विषयात पीएच.डी.ला लागले. प्रबंध द्यायला महिना उरला असताना घरी आले होते. उडालेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे आलेख सरांना दाखवले, सुट्या अणूंचा एक आणि गुच्छांचा एक; डावीकडे मंद, उजवीकडे वेगवान. त्यांनी गुच्छांच्या आलेखात डावीकडच्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. "इथं काय होतं?" मंद इलेक्ट्रॉन, मी म्हणाले, यंत्राच्या भिंतीवरून आलेला कचरा, काढून टाकला. आमच्या घरी धान पाखडताना हलकं ते पोचट, हे हाताला इतकं ठाऊक, की मी आकडेही तसेच पाखडले होते. सर म्हणाले, "कचरा असता तं सुट्या अणूंच्या आलेखातही तेवढाच असता. पाहिलं का?"

पाहिलं नव्हतं. दोन्हीकडचं सारख्याच हातानं फेकलं होतं. आता सगळं पुन्हा करायचं, तर एक पूर्ण प्रकरण मोडीत निघणार होतं, शिष्यवृत्ती संपत आली होती, आणि बाबा गावभर सांगून बसले होते की पोरगी डॉक्टर झाली. माझा तोल गेला. "तुमचं काय जातं सर, घरी बसून बोलायला!" ताटलीत जाम चिरून, तिखट-मीठ लावून सरांनी माझ्यापुढे सरकवला. मी न खाताच निघाले.

पण किडा डोक्यात शिरला होता. फेकलेले आकडे परत आणले. सुट्या अणूंच्या आलेखात डावी बाजू सपाट. गुच्छांच्या आलेखात मात्र चांगला ठसठशीत उंचवटा! शेजाऱ्यांचे, उरलेल्या थोड्याच ऊर्जेवर निघालेले मंद इलेक्ट्रॉन होते ते. जगाला हे आधीच ठाऊक होतं, शोध काही माझा नव्हे. पण माझा प्रबंध नेमकं उलटं सांगत होता: माझ्या गुच्छांत शेजाऱ्याला ऊर्जा जातच नाही. तो मी सहा महिने उशिरा दिला. आभारात सरांचं नाव घालते म्हटलं, तर म्हणाले, "माहं नको, जामाचं टाक."

काकूंनी यंदा मला एक गोष्ट सांगितली. तरुणपणी सरांनीही न जुळणारी मोजमापं गाळून प्रबंध बांधला होता. द्यायच्या आदल्या आठवड्यात त्यांना ते सहन झालं नाही. पुन्हा मोजायला यंत्र मिळालं नाही. प्रबंध ट्रंकेत गेला आणि सर तुमसरला शिकवायला आले. म्हणून त्यांच्या नावामागे 'डॉक्टर' नाही. आणि मी त्यांनाच विचारलं होतं, तुमचं काय जातं!

सर, ती माफी मी आजवर मागितली नाही. इथे, सगळ्यांसमोर मागते. परवा तुम्ही फोनवर नवाच प्रश्न टाकलात: शेजाऱ्यानं आयनाला इलेक्ट्रॉनच देऊन टाकला, तर सुटलेली ऊर्जा त्याच शेजाऱ्याला मिळेल की तिसऱ्यालाच? "उत्तर आल्याबिगर मी काही हालत नाही," असंही म्हणालात. बरं झालं. मी मोजणार आहे, आणि यावेळी एकही आकडा न पाखडता. खूप वर्षं लागतील, सर. तोवर ठणठणीत राहा. ताटलीतला तो जाम अजून माझ्याकडून खायचा राहिलाय.