पायामागची वीट

अकरावीत असताना सरावात बॉल माझ्या गालावर बसला. हेल्मेटची ग्रिल जुनी, ढिली होती. बॉल तिला दाबून आत आला. आतून गाल फाटला, एक दात हलला, सहा टाके पडले. महिनाभर पातळ वरण आणि दूधभात. आई म्हणाली, "झालं तेवढं लई झालं. आता घरी बस."

मी बसले नाही, पण त्यात शूरपणा नव्हता. बॅटिंग सोडली तर सगळ्यांना कारण कळेल, याचीच जास्त भीती होती.

परत गेले त्या दिवशी पॅड बांधतानाच तळहात ओले झाले. बोलर धावायला लागली की कानात नुसती धडधड. बॉल तिच्या हातून सुटायच्या आधीच माझा मागचा पाय स्क्वेअर लेगकडे पळायचा. मी त्याला बजावून ठेवायचे, तरी तो पळायचाच. आमचे कोच सर ओरडायचे, "सरळ खेळ!" मी मान हलवायचे आणि पुढच्या बॉलला पुन्हा तेच.

खरं काय ते ओळखलं आमच्या विकेटकीपरनं. ती शहागंज मोहल्ल्यातली, तिच्या अब्बांचं कापडाचं दुकान होतं. स्टंपांमागून तिला माझे पाय रोज दिसायचे. एकदा सगळ्या गेल्यावर ती म्हणाली, "तू डरती है. पाँव भागराय तेरा."

"नाय, तसं काय नाय," मी म्हणाले आणि रडायलाच लागले.

तिनं समजूत काढली नाही. मैदानाच्या कडेची एक वीट आणून माझ्या पायामागं ठेवली. "अब भाग."

रोज सराव संपला की अर्धा तास ती दहा पावलांवरून बॉल फेकायची. आधी टेनिसचा, मग लेदरचा. पाय सरकला की टाच विटेवर आपटायची. घोट्याला काळानिळा डाग पडला, तो आईपासून लपवायला मी घरातही मोजे घालून हिंडायचे. पंधरा दिवस काही फरक नव्हता. कितीतरी संध्याकाळी मी तिला म्हणाले, "उद्या येणार नाय मी." ती म्हणायची, "ठीक है," आणि दुसऱ्या दिवशी वीट घेऊन उभी असायची. मग मलाही जावंच लागायचं.

दोन महिन्यांनी जालन्याच्या संघाशी मॅच होती. त्यांची बोलर उंच, वेगवान. माझा नंबर आला तेव्हा बाथरूमला जाऊन येते म्हणून सांगावं आणि तिकडूनच घरी जावं असं वाटलं. गेले मात्र खेळपट्टीवर. पहिला बॉल छातीवर आला. माझे डोळे मिटले, पण पाय जागचा हलला नाही. बॉल बॅटच्या दांड्याला लागून खाली पडला. तेरा बॉल खेळले, सात धावा केल्या आणि बोल्ड झाले. त्या तेरापैकी एकाही बॉलला भीती कमी झाली नव्हती.

परत आले तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत; आम्ही हरतच होतो. विकेटकीपर पॅड बांधत होती, आणखी एक विकेट पडली की नंबर तिचाच. तिची नजर त्या उंच बोलरवरून हटत नव्हती आणि पट्टा बक्कलमध्ये जात नव्हता. मी खाली बसले आणि तो लावून दिला.