आप्पांच्या पेटीतला वारा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये "सर, तुम्हीसुद्धा?" असं कुणी विचारायला नको. मी बेळगावात एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. दारावर टांगलेलं लिंबू काढून सरबत करून पिणारा माणूस मी. या ग्रुपवरही आजवर फक्त इतरांच्या गूढ अनुभवांतल्या चुका काढायला यायचो, हे जुन्या मेंबरांना चांगलं माहीत आहे. पण गेल्या वर्षी आमच्या घरात जे झालं, त्यातली चूक मला अजून सापडलेली नाही...

आमचं घर बेळगावातच, वडगाव भागात. माडीवरच्या खोलीत माझा होम स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक कॉम्प्युटर, एक बरा माईक, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर टांगलेल्या आईच्या हातच्या चार वाकळा. माझी बायको सुनीता त्या खोलीला वाळवण म्हणते.

कॉम्प्युटरवर माझी दोन सॉफ्टवेअर आहेत. एक जुनं, त्यात मी स्वतः जमवलेले ढोलकीचे, टाळांचे ठेके. दुसरं नवं, गाणं रेकॉर्ड करायला. ही दोन्ही लिंक केली की एकात प्ले दाबल्यावर दुसरंही चालू होतं, त्याच लयीत. ठेका पुढे, रेकॉर्डिंग त्याच्या मागे. पुढचं थांबलं (स्पेसबार दाबला की थांबतं) तर मागच्यानं थांबायलाच हवं. एवढं लक्षात ठेवा, बाकी तांत्रिक काही नाही.

आता आई. आई तरुणपणी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. ती धूळ छातीत बसली ती बसलीच. पण आपल्याला दम लागतो हे तिनं उभ्या जन्मात कबूल केलं नाही. माडीचा जिना चढून आली की उंबऱ्यात उभी राहायची आणि "काय पसारा घालून ठेवलाईस रं!" म्हणत खोली न्याहाळायची. चांगली मिनिटभर. श्वास लागला की पसारा दिसायचा तिला.

आणि आप्पा, म्हणजे माझे वडील. निपाणीजवळच्या आमच्या गावात महिला भजनी मंडळ होतं, त्यात ते एकटे पुरुष. पेटीवाले! आईसकट बारा बायका गाणार आणि हे कोपऱ्यात मान खाली घालून पेटी वाजवणार. आईसाठी त्यांनी स्वतः एक गौळण रचली होती. ती कुठं लिहिलेली नाही, दुसऱ्या कुणाला येत नाही. चार वर्षांपूर्वी आप्पा गेले, आई आमच्याकडे बेळगावला आली, आणि तिनं गाणं बंद केलं.

गेल्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. डॉक्टर सरळ म्हणाले, "गाठ साधी आहे, घाबरू नका. पण आवाजाची खात्री देता येत नाही."

आवाज गेला तर गौळणही गेली... माझ्या हातात एक आठवडा होता.

आईला आधी नुसतंच गायला सांगितलं. दोन शब्द म्हणून थांबली. "ठेका न्हाय तर जीभ उचलत न्हाय रं." म्हणून मग दोन्ही सॉफ्टवेअर लिंक केली. दुपारी जेवणं उरकल्यावर तिला माडीवर आणलं, पदरावरून हेडफोन चढवला.

"ह्ये काय कानात कोंबलंस? बैलागत!"

"ठेका ऐकू येईल. तू फक्त म्हण."

ठेका सुरू झाला, आई म्हणू लागली. तीन वर्षांनी तिचा आवाज ऐकला आणि माझे डोळे भरले, खोटं कशाला सांगू. ध्रुपदाच्या दोन ओळी झाल्या... आणि ठेका थांबला. बरोबर दोन मात्रा. मग आपला आपण पुन्हा सुरू. आई बिनचूक तिसऱ्या ओळीवर आली. रेकॉर्डिंगची रेघ मात्र मध्ये न थांबता पुढे सरकतच होती, जे लिंक असताना व्हायला नको.

मी कपाळाला हात लावला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पुन्हा दुसऱ्या ओळीनंतर तेच! ड्रायव्हर बदलले, दोन्ही सॉफ्टवेअर काढून नव्यानं टाकली. मी स्वतः गाऊन पाहिलं, ठेका सरळ. (माझं गाणं ऐकून सुनीतानं खालून कुकरची शिट्टी झाली का विचारलं.) मग सुनीता गायली, तरी सरळ. आई गायली की दोन ओळी झाल्यावर दोन मात्रा शांत.

तिसऱ्या दिवशी मी इरेला पेटलो. लिंक तोडली, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बंद केलं, माईकची वायर उपसून हातात धरली. नुसता ठेका स्पीकरवर लावला आणि आईला मुद्दाम कधी चार आवर्तनं सोडून, कधी दहा सोडून सुरुवात करायला लावली. कॉम्प्युटरला ऐकायला कानच नव्हते, समजतंय ना? तरी आईची दुसरी ओळ संपली की तो थांबायचा!

आई मात्र निवांत. "आरं, बराबर हाय की. तितं थांबायचंच असतंय."

"कुणी सांगितलं?"

"तुझं आप्पा थांबायचं न्हवं? त्येंच्या पेटीचा भाता फुटका. दोन वळी झाल्या की वारा संपायचा."

मग मला आठवलं. लहानपणी शंभरदा पाहिलेलं! आप्पा मध्येच सुरांवरचा हात उचलायचे, "थांबा गं बायांनो, वारा भरू द्या जरा," म्हणायचे आणि फस् फस् करत भाता हलवायचे. सगळ्या बाया हसायच्या. आईचा आवाज सगळ्यांत मोठा - "आवं, नवी पेटी घ्या, न्हायतर नवी बायकू तरी करा!" आप्पा खाली मान घालून म्हणायचे, "पेटी जुनीच बरी. बायकू बी." यंदा दुरुस्त करतो, यंदा करतो म्हणत आयुष्य गेलं, पेटी काही दुरुस्त झाली नाही. आप्पांच्या फुटक्या पेटीची चेष्टा पार संकेश्वरपर्यंतच्या भजनी मंडळांत चालायची.

मी हट्ट सोडला. लिंक पुन्हा जोडली. आई गायली, ठेका थांबला तिथं थांबू दिला. एका दमात झाली असं म्हणवत नाही, पण एका बैठकीत गौळण पूर्ण झाली. आजही फाईल लावली की त्या शांततेत आईनं घेतलेला श्वास ऐकू येतो. लांब, खोल. ती गात होती तेव्हा मला तो जाणवलाच नव्हता.

ऑपरेशन नीट झालं. आई दवाखान्यात असतानाच माझ्या डोक्यात आलं, की ती घरी येईपर्यंत आप्पांची पेटी दुरुस्त करून ठेवावी. खूश होईल. गावाकडून पेटी आणली आणि खडेबाजारच्या मागच्या बोळात एक म्हातारे कारागीर बसतात, त्यांच्यापुढं ठेवली. म्हटलं, भाता गळतोय, बदला.

त्यांनी पेटी उघडली. भाता दाबून धरला, कान लावला, बोटानं सगळ्या घड्या चाचपल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"भाता छलो ऐति की हो! झकास हाय. कोण म्हणतंय गळतोय म्हणून?"

"चाळीस वर्षं गळतोय."

"सर, ह्ये चामडं पहिल्यापासनंचं हाय. एक ठिगळ न्हाय, एक भोक न्हाय. ही पेटी कवाच गळलेली न्हाय."

मी तिथंच स्टुलावर बसलो. चहा मागवला त्यांनी माझ्यासाठी.

आई घरी आली तेव्हा गळ्याला पट्टी होती आणि बोलायला सक्त मनाई. तिच्यापुढं पेटी ठेवली आणि कारागीर काय म्हणाले ते सांगितलं. तिनं ऐकलं. मग पेटी जवळ ओढली, भाता एकदाच भरला, एक सूर दाबून धरला आणि भात्यावरचा हात सोडून दिला. सूर वाजत राहिला... ती एकटक भात्याकडं बघत होती. दोन ओळी म्हणून झाल्या असत्या, तरी वाजत होता.

सूर संपला तसा तिनं पेटीवर हलकेच एक चापट मारली. डॉक्टरांची मनाई मोडून पुटपुटली, "लबाड! लई लबाड माणूस." आणि पदर तोंडाला लावून रडली. सुनीतानं तिला जवळ घेतलं, मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो.

इतक्या वर्षांत आप्पांनी मलाही कधी सांगितलं नाही. सगळ्या मंडळाचं हसू अंगावर घेतलं, पण "हिला दम लागतो" हे बाहेर फुटू दिलं नाही.

यथावकाश आवाज परत आला. थोडा बारीक झालाय, पण आहे. दोनेक महिन्यांनी आई आपणहून जिना चढून माडीवर आली. उंबऱ्यात थांबली. पसाऱ्याबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "लाव तुझा ठेका."

दोन्ही सॉफ्टवेअर तीच, कॉम्प्युटर तोच, सेटिंगला मी हात लावलेला नव्हता. आईनं पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली... आणि ठेका थांबला नाही. सरळ पुढं निघून गेला. आई मागं राहिली. पुन्हा लावला, पुन्हा सरळ. त्यानंतर आजतागायत तो एकदाही थांबलेला नाही. आधी का थांबत होता आणि मग का थांबेनासा झाला, दोन्हींचं उत्तर माझ्याकडं नाही. ओळखीच्या दोन साउंड इंजिनिअरना फाईल दाखवली, त्यांनी खांदे उडवले.

आईनं मात्र त्या दिवशी जराही नवल केलं नाही. हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"आता कशाला थांबतील त्ये? मला कळलं न्हवं का," म्हणाली. मग छातीवर हात ठेवून, जन्मात पहिल्यांदा, माझ्याकडं बघून सांगितलं, "दम लागतोय रं मला. तू थांब जरा."

मी स्पेसबार दाबला.