रजेचे डोहाळे

पॅकिंग खात्यात कुणाला दिवस गेलेत, हे तिच्या नवऱ्याच्या आधी सरूआक्काला कळायचं. दुपारच्या सुट्टीत डबे उघडले की कोण लोणच्याची फोड चघळत बसलीय आणि कोण भाजीच्या वासानं तोंड फिरवतेय, हे ती बरोबर हेरायची. मग त्या बाईला खेटून बसायची आणि विचारायची, "कितवा?" बस्स, एवढंच. खोटं बोलायची सोयच नव्हती.

वाळूजच्या त्या कारखान्यात आम्ही औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरायचो. आक्का मूळची खुलताबादकडची. उंचपुरी, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि आवाज असा की मशिनचा आवाज फिका पडावा. सुपरवायझरशी ती धाकट्या दिराशी बोलावं तशी बोलायची. मानही द्यायची आणि कानही पिरगाळायची. जादा पैसे न देता थांबवून घेतलं की म्हणायची, "काम दुप्पट आन् पगार तेवढाच? बैलबी ऐकायचा नाय असलं!"

हसू येईल, पण आमच्याकडे गर्भारपण हा गुन्हाच होता. पोट दिसायला लागलं की आम्हाला कामावर लावणारा ठेकेदार म्हणायचा, "उद्यापासून येऊ नका." कायद्यानं पगारी रजा होती हो, पण ती मागायला बाई कामावर उरायला नको? पुढं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "ती आपणहून सोडून गेली." म्हणून आम्ही सैल कोट घालून पोट लपवायचो. मला दिवस गेले तेव्हा मीही तेच केलं. नवऱ्याचं काम सुटलेलं, पुंडलिकनगरातली भाड्याची खोली माझ्या पगारावर चाललेली. नोकरी गेली असती तर आम्ही रस्त्यावर आलो असतो.

आक्कानं मला गाठलंच. मी रडत म्हटलं, "कुणाला सांगू नका." तेव्हा ती पहिल्यांदाच हळू बोलली.

"मीबी लपवलं व्हतं गं, आधीच्या कारखान्यात. पोट आवळून खोकी उचलली. लेकरू पोटातच गेलं. आन् नोकरीबी गेलीच." मग पदरानं माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "आता लपवायचं नाय. वाजवायचं!"

आणि वाजवलं! कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, भर दुपारी, माझं डोहाळजेवण. हिरवी साडी आक्काची, फुलांचे दागिने बायकांनी घरून ओवून आणलेले. आक्का जिलेबीचं ताट घेऊन थेट मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये शिरली आणि त्यांना घेऊनच आली. शुभकार्याचं बोलावणं, नाही कसं म्हणणार बिचारे? त्यांनी जिलेबी तोंडात घातली आणि आक्कानं तोंड उघडलं.

"साहेब, गर्भारणीचे डोहाळे मोडू नयेत म्हणतेत. हिला लई अवघड डोहाळे लागलेत."

"कसले?" साहेब हसत म्हणाले.

"पगारी रजेचे. आन् परत आल्यावर ह्याच जागेचे."

साहेबांचं हसू मावळलं. "अर्ज द्या, बघू."

"डोहाळजेवणात 'बघू' म्हणत नसतेत साहेब. 'हो' म्हणतेत."

ठेकेदार दारात उभा. सगळ्या बाया साहेबांच्या तोंडाकडे बघतायत. साहेबांनी घास गिळला आणि म्हणाले, "हो."

मला रजा मिळाली, पगारासकट. मुलगी झाली. परत आले तेव्हा माझी जागा माझीच होती. त्यानंतर आमच्या खात्यात पोट कुणी लपवलं नाही. वाजतगाजत डोहाळजेवणं झाली आणि दर खेपेला साहेबांना जिलेबी गेली. आक्काला मात्र त्यांनी बढती कधीच दिली नाही. विचारलं तर म्हणायची, "चालतंय की. पोरी सुखानं बाळंत होतायत ना?" मला तिचा फार अभिमान वाटायचा, आजही वाटतो.

निवृत्त होऊन ती गावी गेली आणि काही वर्षांनी एका सकाळी ती गेल्याचा निरोप आला. आम्ही तशाच ऑफिसात जाऊन रजेसाठी उभ्या राहिलो. घरचं माणूस गेलं तरच अशी रजा, हा नियम. टेबलामागं नवा तरुण साहेब होता.

"कोण वारलं?"

"आई," मी म्हटलं.

माझ्या मागची म्हणाली, "आई." तिच्या मागचीही तेच म्हणाली. साहेबानं मान वर करून दारापर्यंतची रांग बघितली.

"सगळ्यांची आई एकाच दिवशी वारली?"

"हो साहेब," मी म्हटलं, "एकच होती."