पद्मजेने काढून टाकलेले पाणी

ज्या नारायणाचे नाव घेऊन मी आजवर राजांच्या आणि ऋषींच्या कथा सांगितल्या, त्याच्याच पायांशी आज एका साध्या बाईची कथा ठेवतो. तिने राज्य त्यागले नाही, वनात तप केले नाही. समर्थनगरात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर ती राहते, सकाळी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि दुपारी विद्यापीठातल्या संगणकासमोर बसते. नाव पद्मजा. पन्नाशीला टेकलेली, एकटी, बोलण्यात तुटक. प्रेम हातांनी करावे, तोंडाने नाही, असा तिचा स्वभाव.

तिचे वडील व्यंकटराव. दिवसा त्यांनी सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि संध्याकाळी माझ्या कीर्तनात पेटीची साथ. मी स्वर सोडावा आणि त्यांनी तो खाली पडू न देता उचलावा, अशी आमची सोबत. पद्मजेची आई ती लहान असतानाच गेली. तेव्हापासून ते घर बापलेकीचे. आणि गुरुवारच्या संध्याकाळी आम्हा सगळ्यांचे, कारण त्या दिवशी बैठकीच्या खोलीत भजन असे. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत जाई. पद्मजा त्या ढिगाकडे पाहून कपाळाला आठी घाली आणि सगळ्यांना चहा करी.

गेल्या वर्षी व्यंकटरावांच्या हाडांत कर्करोग उतरला. उपचाराचा काळ मागे पडला होता. डॉक्टरांनी आता फक्त वेदना आवरायची, असे सांगितले आणि मॉर्फीनच्या गोळ्या दिल्या. सज्जनहो, दैवाची गाठ पाहा. या पृथ्वीवर अभ्यासाचे विषय किती! पण पद्मजा जे एक कोडे कित्येक वर्षे सोडवत होती, ते नेमके मॉर्फीनचेच होते.

ते कोडे तिने मला एकदा गॅलरीत उभ्याने सांगितले होते. "काका, पेशीच्या पातळ आवरणात एक दारवान बसलेला असतो. त्याला रिसेप्टर म्हणतात. बाहेरून निरोप्या येतो आणि त्याच्या हातात हात देतो. निरोप्या स्वतः आत जात नाही. दारवानच आपलं अंग वळवतो आणि आतल्यांना निरोप कळतो. मॉर्फीन हा असाच एक निरोप्या. त्याचा निरोप पोहोचला की वेदनेची वर्दी पुढे जात नाही."

"मग अडलंय कुठं?"

"माझ्या संगणकातला दारवान वळत नाही. निरोप्या अगदी नीट बसतो, आणि हा थोडा हलतो न् थांबतो. दार अर्धवट राहतं."

असे दोन दरवाजे त्या वर्षी तिच्यापुढे अर्धवट राहिले. एक विद्यापीठात, एक घरात.

डॉक्टरांनी सांगितले होते, जंतूंपासून जपा. एवढेच सांगितले होते. पद्मजेने ते वाक्य घेतले आणि घर धुऊन काढले. गुलमंडीच्या बाजारातून मऊ मलमल आणून नव्या चादरी शिवल्या. गुरुवारचे भजन बंद केले. शेजाऱ्यांना दारातूनच परतवले. भिंतीवरचे जुने फोटो उतरवले, कारण त्यांवर धूळ बसते. आणि एके दिवशी रिक्षात घालून पेटी माझ्याकडे पाठवून दिली. भात्यात धूळ असते, म्हणाली. खोलीत उरली एक खाट, औषधांचा ट्रे आणि सॅनिटायझरचा वास. मलाही महिन्यातून कधीतरी, मुखपट्टी लावून, खुर्ची लांब ठेवून बसता येई. या सगळ्यात प्रेमाचा एक थेंब उणा नव्हता. पोरीने झोप सोडली होती, जेवण सोडले होते. पण व्यंकटराव त्या स्वच्छ खोलीत दिवसेंदिवस मिटत चालले होते.

आणि ते गोळी घेत नव्हते.

"अण्णा, तोंड उघडा," पद्मजा वडिलांना म्हणाली.

"अफू आहे ती."

"औषध आहे."

"जन्मभर बुवांच्या मागं बसून ऐकलं. अंतकाळी जागं असावं, ओठांवर नाम असावं. आता ते सोडून गुंगीत जाऊ?"

"गुंगी थोडे दिवस येते, अण्णा. मग शरीराला सवय होते. माणूस नीट बोलतो-चालतो."

"तुझं ते दार उघडेल, पद्मे. माझं मिटेल."

मग पद्मजेने कागद घेतला, आवरण काढले, दारवान काढला, निरोप्या काढला. ती समजावत राहिली आणि व्यंकटराव भिंतीकडे तोंड करून कण्हत राहिले. स्वयंपाकघरातून भागूबाई बाहेर आल्या. त्या कन्नड तालुक्याकडच्या, व्यंकटरावांचे अंग पुसणे, कूस बदलणे, पेज भरवणे त्यांच्याकडे असे.

"ताई, मानूस हाय त्यो," त्या म्हणाल्या, "फळा नाय."

पद्मजेने कागद चुरगळला.

आता विद्यापीठातला दरवाजा ऐका. तिच्या शेजारच्या संगणकावर बुद्धभूषण नावाचे सहकारी काम करतात. थट्टेखोर माणूस, पण मनाचा मऊ. त्यांनी एका दुपारी तिचा पडदा बराच वेळ पाहिला.

"मॅडम, सुरुवातीला पाणी काढून टाकलं का?"

"सगळेच टाकतात."

"म्हणून तर सगळ्यांचीच दारं अडकलीत. आपली एकटीची अडकली असं समजून तुम्ही उगाच डबा न खाता बसता."

यात गोष्ट अशी आहे. रिसेप्टरचे चित्र संगणकात घेतले की त्याच्या पोटात पाण्याचे काही ठिपके दिसतात. पुष्कळदा तर दिसतही नाहीत. मॉर्फीनसारखे औषध कसे बसते, एवढेच पाहणाऱ्यांची रीत अशी की पहिली आज्ञा द्यायची: पाणी काढा. चित्र स्वच्छ होते, गणित हलके होते. पद्मजा ती आज्ञा विद्यार्थिदशेत शिकली होती आणि हात धुवावेत तशी दर वेळी पाळत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिने पाणी राहू दिले. दिसत होते ते ठेवले, दिसत नव्हते तिथे ते कुठे असू शकेल याचा हिशेब मांडून भरले. यंत्र कित्येक दिवस चालले. आणि दारवान वळला.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. आनंदाची बातमी सांगताना तिचा आवाज रडवेला होता.

"काका, आतलं पाणी निरुपयोगी नव्हतं. दार बंद असतं तेव्हा मधे एक कोरडा पट्टा असतो. निरोप आला की तो पट्टा सैल होतो, पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून वरपासून खालपर्यंत उभे राहतात आणि मग तो वळतो. निरोप्या कितीही चांगला असू दे, आत पाणी नसेल तर दारवान जागचा हलत नाही." मग म्हणाली, "मी घरातलंही काढून टाकलं, काका. उद्या पेटी घेऊन या."

मी पेटी घेऊन गेलो. व्यंकटरावांच्या खाटेवर, त्यांच्या मांडीला लागून ती ठेवली. त्यांना भाता ओढवेना. भागूबाई पदर खोचून पुढे झाल्या आणि भाता धरला.

"हळू गं बाई," व्यंकटराव म्हणाले, "चुलीला वारा घालत नाहीस."

"मंग तुमीच वढा," भागूबाई म्हणाल्या. "लई कौतिक सांगायलेत."

किती दिवसांनी त्या खोलीत हसू आले! बोटे पट्ट्यांवर फिरली. थरथरती, वाट विसरलेली, पण फिरली. पद्मजा दाराला टेकून उभी होती. तिने वडिलांना आपला शोध सांगितला, कागदाशिवाय, चार वाक्यांत.

व्यंकटरावांनी मला विचारले, "बुवा, हिला पाण्याचं इतकं कळतं तर आपल्या नळाला कधी येणार ते विचारा."

"आज येनार व्हतं," भागूबाई म्हणाल्या, "पिपं उलटी पडल्यात. पत्ता नाय."

तेवढ्यात व्यंकटरावांना कळ आली. पेटीवरचे बोट स्वरावर तसेच रुतून राहिले आणि तो एकच स्वर खोलीभर ओरडत राहिला. भागूबाईंनी भाता सोडला. कळ ओसरल्यावर मी त्यांचा हात धरला. "व्यंकटराव, नामाला श्वास लागतो. तुमचा सगळा श्वास कण्हण्यात चाललाय."

त्यांनी पेटी बाजूला सरकवली. मग लेकीकडे पाहिले. "आण ती गोळी. पण वचन दे. शेवटच्या वेळी मला जागं ठेवशील."

जे आपल्या हाती नाही त्याचे वचन देऊ नये, हे त्या खोलीत सगळ्यांत जास्त पद्मजेला ठाऊक होते. ती शास्त्र शिकलेली होती. पण ती लेकही होती. "दिलं," ती म्हणाली.

त्या गोळ्यांनी त्यांना काही दिवस झोपवले आणि मग खरोखरच उठून बसवले. गुरुवार परत आला. एका वेळी तिघेचौघेच, हात धुऊन, पण आला. भिंतीवर फोटो परतले. व्यंकटराव बसल्या जागी साथ करीत, मधेच चुकत, आणि चूक माझी आहे असे मलाच ऐकवत. पद्मजा चहाचा ट्रे घेऊन तिथेच बसून राही. पूर्वी ती आत निघून जाई. बाप आणि लेक यांना एका खोलीत नुसते बसलेले मी तेव्हा प्रथम पाहिले. देवा, तुझे हे देणे थोडे होते, पण खरे होते.

आजाराला मात्र दया नव्हती. तो वाढला, औषध वाढले. मग एक सकाळ अशी आली की व्यंकटरावांचे डोळे अर्धे मिटलेले होते, कपाळाच्या शिरा ताठ होत्या आणि घशातून येणारे कण्हणे थांबत नव्हते. डॉक्टर आदल्या दिवशी येऊन सांगून गेले होते की वेळ जवळ आली आहे, आता येणारी झोप आजाराची असेल की औषधाची, हे वेगळे करता येणार नाही.

पद्मजा औषध हातात घेऊन उभी होती.

"काका, हे दिलं तर ते कदाचित पुन्हा जागे होणार नाहीत. नाही दिलं तर जागे राहतील, पण असे. मी वचन दिलंय."

मी जन्मभर उपदेश केला. पण त्या क्षणी बोलल्या त्या भागूबाई.

"द्या ताई. हे कन्हनं देवाला बी ऐकवत नसंल."

पद्मजेने औषध दिले. थोड्या वेळाने शिरा सैल झाल्या, मुठी उघडल्या, कण्हणे थांबले. श्वास लांब लांब होत गेला. मी त्यांच्या कानाशी नाम घेत होतो. पद्मजेने देवघरातला गंगेचा गडू फोडला, चमच्यात पाणी घेतले, वर तुळशीचे पान ठेवले आणि वडिलांच्या ओठांना लावले. ओठ हलले. अगदी थोडे हलले. मग काहीच हलले नाही.

दिवसकार्ये झाली. मग एका दुपारी ती माझ्याकडे आली. बसली नाही.

"काका, तुम्ही त्यांच्या तोंडाजवळ होतात. ओठ हलले ते पाणी गिळायला, की त्यांनी नाम घेतलं?"

काय मागत होती ती! एक 'हो' मागत होती. तो दिला असता तर तिचे वचन पाळले गेले असते आणि तिला झोप लागली असती. पण ज्या नामाविषयी ती विचारत होती, त्याच्यासाठी मी खोटे कसे बोलू?

"मला ऐकू आलं नाही, पद्मजा."

तिने मान हलवली. "तुम्ही हो म्हणाला असतात तर ते खोटं आहे हे मला कळलं असतं." मग खिडकीकडे पाहत म्हणाली, "आमच्या कामात आतलं पाणी पुष्कळदा दिसतच नाही. दार उघडलेलं दिसलं की आत पाणी असणार, असं धरून हिशेब मांडतो."

"त्यांचा चेहरा तर मोकळा झाला होता, बाळ."

"हो. पण तसं धरून चालणं रिसेप्टरच्या बाबतीत जमतं, काका. अण्णांच्या बाबतीत मला जमत नाही."

मी तिला सांगितले की नारायण ओठांवर अवलंबून नाही, तो हृदयात राहतो आणि तिथले त्याला ऐकू येते. हे मी मनापासून मानतो. तिने ते आदराने ऐकले. तिचे समाधान झाले, असे मी म्हणणार नाही.

तिचे काम पुढे चालू आहे. नव्या विद्यार्थ्यांना ती पहिल्याच दिवशी बजावते की पाण्याला हात लावायचा नाही. गुरुवारी दार उघडे असते आणि आम्ही उरलेले चार म्हातारे जातो. पेटी कोणाला येत नाही. परवा मी जरा लवकर पोहोचलो, तर पद्मजा पेटीपुढे बसलेली होती. पट्ट्यांवर बोट नव्हते. ती नुसता भाता ओढत होती. स्वर दाबला नाही की वारा आत भरत जातो आणि भाता जड होतो. तो पुढे सरकेना, तरी तिने हात काढला नव्हता. मी चपला बाहेर काढल्या, आत गेलो, समोर बसलो आणि एका पट्टीवर बोट ठेवले.