विजूचं बेसिन

मानसीचा फोन आला तेव्हा मी बाजारातून नुकतीच परतले होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती बोलली. भाजीची पिशवी हातात धरूनच मी खुर्चीत बसले. मानसीची आई विजू माझी डोंबिवलीची शेजारीण. भिंतीला भिंत लावून आम्ही दोघींनी संसार केले. महिना होऊन गेला, पण काही सांगायचं झालं की अजून हात फोनकडे जातो...

विजू भारी टापटिपीची. सकाळी तोंडावर भरपूर पाणी मारल्याशिवाय कोणाशी अक्षर बोलायची नाही. दूधवालासुद्धा दारात ताटकळायचा. अर्धांगाचा झटका आला आणि मानसीनं तिला ठाण्याला, घोडबंदर रोडवरच्या आपल्या फ्लॅटमध्ये नेलं. तेव्हापासून विजू व्हीलचेअरवर. बाथरूममधलं बेसिन तिच्या हनुवटीशी यायचं आणि खाली कपाट, त्यामुळे गुडघे आत जायचे नाहीत. मानसी रोज ओल्या पंच्यानं तिचं तोंड पुसून द्यायची, अगदी मायेनं. मी भेटायला गेले तर विजू रडलीच. "सगळे माझं तोंड पुसतात गं... मला ते धुवायचंय."

बेसिन खाली घ्यावं तर बिल्डरनं पाणी जायचं भोक भिंतीत नको तिथे, उंचावर ठेवलेलं. "काकू, बेसिन खाली नि लाइन वर, पाणी चढणार कसं?" प्लंबरनं हात वर केले. भिंत फोडायला सोसायटीची परवानगी नाही. शेवटी त्यानंच वाट काढली: वरचं भोक बंद करायचं आणि पाइप भिंतीच्या कडेनं, उतार देत, कोपऱ्यातल्या जमिनीवरच्या जाळीपर्यंत न्यायचा. कपाट मात्र जाणार होतं.

"पाइप उघडा दिसेल गं आई," मानसी कुरकुरली. जावई अभिजित सहा फुटी, रोज कमरेत वाकायचं म्हणून तोही नाखूश. विजू शांतपणे म्हणाली, "घर तुमचं आहे, तोंड माझं आहे."

काम झालं त्या दिवशी मी तिथेच होते. खुर्ची आत सरकली. चालत्या हातात मावेल तेवढं पाणी घेऊन विजूनं तोंडावर मारलं, मग मारतच राहिली. गाऊनचा गळा भिजला, जमीन भिजली, मानसी ओरडली. आजारपणानंतर तिला इतकं खूश मी पहिल्यांदाच पाहिलं. गेली त्या सकाळीही तिनं आपलं तोंड आपणच धुतलं होतं म्हणे. ते ऐकून मला फार बरं वाटलं आणि फार रडू आलं.

परवा ठाण्यात काम होतं, तशी त्यांच्याकडे डोकावले. बेसिन पुन्हा वर घ्यायला मानसीनं माणूस बोलावला होता, पण अभिजितनं त्याला दारातूनच परत पाठवलं, असं ती म्हणाली. मी हात धुवायला गेले तर अभिजित आत दाढी करत होता. आरसाही विजूच्या उंचीला, खालीच लावलेला. त्यासमोर प्लास्टिकच्या स्टुलावर तो बसला होता, लांबलचक पाय पाइपाशेजारी कसेबसे कोंबून.

मला पाहून तो ओशाळला. "वाकून पाठ धरते हो मावशी. बसलं की जमतं."

त्याचं होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.